राजाक्का आणि बुजवलेल्या दोन पायऱ्या

आमच्या नाववाडीत राजाक्काला येडी म्हणायची पद्धत होती. होती म्हणतो, कारण आता माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं. मी नागेंद्र, बेळगावात हायस्कुलात मास्तर आहे, पोरांवरसुद्धा हात उचलत नाही, पण तसं म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवल्याशिवाय मी घरी जाणार नाही. इतके दिवस झाले, डोकं अजून शांत होत नाही. बायको म्हणते, बीपीची गोळी घ्या. गोळीनं काय होतंय, डोंबल!

नाववाडी निपाणीपासून आत, वेदगंगेच्या काठावर, साठ-सत्तर घरांची वस्ती. पूल नव्हता तेव्हा लोक काहिलीतनं नदी ओलांडायचे. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची ती भलीमोठी कढई. ती जुनी झाली की नाववाल्यांच्या घरी यायची आणि तिचीच नाव व्हायची. राजाबाई त्या घरची सून. सगळं गाव तिला राजाक्का म्हणतं. नवरा कावीळ होऊन गेला, पूल झाला, नाव बंद पडली, पण त्या घराकडचं एक काम काही सुटलं नाही. पाणी बघायचं काम. त्याबद्दल सुगीला प्रत्येक घरातनं तिला पायलीभर जोंधळं जायचं.

तिकडं समुद्रावर वादळ उठलं, कोकणाला झोडपलं, की आमच्या वरच्या घाटात पाऊस कोसळतो आणि दोन दिवसांत पाणी आमच्या दारात. वरचं धरण महाराष्ट्रात, आम्ही कर्नाटकात. धरणाचं दार उघडल्याचा निरोप या हापिसातनं त्या हापिसात फिरत येतो, तोवर पाणी येऊन बसलेलं असतं. त्यामुळं नाववाडीनं निरोपाची वाट कधी बघितलीच नाही. आम्ही पायऱ्या मोजायचो.

नदीकडनं मरगूबाईच्या देवळाकडं चढणाऱ्या काळ्या दगडाच्या नऊ पायऱ्या. मोजायच्या खालनं. पहिलीला पाणी लागलं की राजाक्का नदीची ओटी भरायची, आणि लोक कडबा-जळण माळ्यावर टाकायचे. तिसरीला लागलं की गुरं सोडून माळावर न्यायची. चौथीला लागलं की माणसांनी उठायचं, एकानंसुद्धा मागं राहायचं नाही, कारण पाचवीला पाणी गेलं की मागचा ओढा उलटा भरतो आणि वाडीचा रस्ताच तुटतो. चौथीला राजाक्का देवळातली घंटा बडवायची. पावसाळ्यात नाववाडीचा माणूस जगात कुठंही असो, फोनवर पहिला प्रश्न एकच विचारतो, "कितव्या पायरीला?" बाकी तब्येत-पाणी मागनं. एकोणीसच्या महापुरात आमची बावीस घरं पडली, पण माणूस सोडा, कुणाचं शेरडूसुद्धा वाहून गेलं नाही.

बाई मात्र तोंडाची फाटकी. मी बीएड होऊन आलो तेव्हा पेढा हातात घेऊन म्हणाली, "मास्तर झालास व्हय? पव्हायला येतंय काय अजून, का इसरलास?" आणि भर थंडीत मला घाटावरनं ढकलून दिलं, नव्या पँटीसकट. मी बोंबलत वर आलो तेव्हा पेढा खात उभी. "येतंय की रं," म्हणाली. आमची आई, मालुबाई, हसून हसून खाली बसली होती. आई आणि राजाक्का एकाच साली लग्न होऊन वाडीत आलेल्या. सख्ख्या बहिणींचं पटणार नाही इतकं त्यांचं पटायचं.

मग आमच्या गावाला जीर्णोद्धाराचं खूळ लागलं. कमिटी झाली, मारुतीराव अध्यक्ष झाले, त्यांचा पुतण्या आदर्श, खताचं दुकान चालवणारा, तो सेक्रेटरी. देऊळ रंगवलं, कळस बसवला, इथवर ठीक. पण पाहुण्यांच्या गाड्या वळवायला जागा पाहिजे म्हणून घाटावर भराव घातला, वर काँक्रीट ओतलं, आणि त्या काँक्रीटखाली खालच्या दोन पायऱ्या गेल्या. उरलेल्या सातांवर ग्रॅनाइट बसवला. चकचकीत, काळा, पाय ठेवला की घसरायला. म्हणजे आता जी पहिली दिसते ती खरी तिसरी. दुसरी दिसते ती चौथी. एवढं साधं गणित, आणि सगळ्या गावात त्याचा ताप एकट्या राजाक्काला आला.

काँक्रीटचं मशीन चालू होतं तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मारुती, दोन पायऱ्या गिळल्यास. आता पाणी मोजायचं कशावर? तुझ्या टकलावर?"

लोक हसले. मीही हसलो. सुट्टीत गेलतो, उभा होतो तिथंच. मी देणगी दिली होती, फरशीवर माझं नाव कोरून यायचं होतं, म्हणून जरा शहाणपणानं म्हणालो, "आक्का, लोक काय इतके खुळे आहेत? दोन मिळवून मोजतील की."

"मिळवतील रं, चावडीवर बसून," ती म्हणाली. "जीव घाबरा झाल्यावर कोण मिळवतंय? तवा माणूस पाठ असल्यालंच मोजतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि नव्या ग्रॅनाइटवर आकडे काढले. पहिल्या पायरीवर तीन, दुसऱ्या पायरीवर चार. आकडे वाकडेतिकडे आले. उद्घाटनाच्या सकाळी आदर्शनं थिनर ओतून ते पुसून काढले. का, तर फोटोत घाण दिसतंय. राजाक्का त्याच्या नावानं शिव्या घालत राहिली आणि मी पंधरा फुटांवर उभा राहून प्रसादाचा शिरा खात होतो. जुनी पितळेची घंटासुद्धा काढून आत ठेवली आणि तिच्या जागी आरतीचं मशीन लावलं. बटण दाबलं की ढोल, झांज, घंटा, सगळं आपोआप. लाइट असली तर.

चोवीस सालच्या जूनमध्ये आई परड्यात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. निपाणीत ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दोन महिने खाट सोडायची नाही म्हणून बजावलं. बेळगावात पिरनवाडीला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई म्हणाली, "मला हितंच ऱ्हाऊ दे रं, तिकडं मी कोंडून मरीन." आणि मला ते सोयीचं वाटलं. खोटं कशाला सांगू, सोयीचंच वाटलं. राजाक्का रोज दोन वेळा येऊन भाकरी चारायची, कूस बदलायची, शिव्या घालून हसवायची. आमचं घर ओढ्याच्या कडंला, वाडीत सगळ्यात खाली. पाणी चढलंच तर करायचं एवढंच होतं, चार गड्यांनी खाट उचलायची आणि टेकावरच्या शाळेत नेऊन ठेवायची. आई स्वतः उठून बसूसुद्धा शकत नव्हती.

जुलैच्या अखेरीला पाऊस लागला तो थांबेचना. बुधवारी वाडीची लाइट गेली, आईचा फोन बंद पडला. गुरुवारी सकाळी दहा वाजता स्टाफरूममधनं मी आदर्शला फोन लावला.

"आदर्श, कितव्या पायरीला?"

"दुसरीला आत्ता कुठं लागाय लागलंय अण्णा. निवांत ऱ्हावा. आमची गुरं बी अजून गोठ्यातच हाईत. थांबा, फोटो टाकतो."

फोटो आला. ओला ग्रॅनाइट, त्यावर गढूळ पाणी. मी मोठा करून बघितला. बोट ठेवून मोजलं. एक, दोन. दोन म्हणजे अजून गुरंसुद्धा हलत नाहीत, हे मला बारा वर्षांचा असल्यापासून पाठ. राजाक्का माझ्या तोंडावर म्हणाली होती तेच मी केलं. पाठ असलेलं मोजलं. "उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतो," असं आदर्शला सांगितलं आणि नववीच्या वर्गावर गेलो. मला अजून आठवतं, मी त्या तासाला पोरांना लक्ष नाही म्हणून ओरडलो होतो.

तिकडं काय झालं ते मला नंतर दहा जणांनी सांगितलं. प्रत्येकजण आपलं अंग काढून घेत सांगतो, पण जोडून बघितलं की चित्र स्वच्छ दिसतं. अकरा वाजता राजाक्का मारुतीरावांच्या सोप्यात गेली. "मालूची खाट उचलायची हाय. चार गडी दे."

"तिसरी लागू दे की आक्का. अजून गुरं न्हाईत हालली आन तू माणसं हालवाय लागलीस."

"अरं, ती चौथी हाय मुडद्या!"

"म्हंजे आता तू मला मोजाय शिकवणार?"

सोप्यात सात-आठ धडधाकट बाप्ये चहा पीत बसले होते. एकजण उठला नाही. घंटा आत कुलपात, मशीनला लाइट नाही. ती घरी गेली, मुसळ घेतलं आणि दारात पालथी पडलेली काहील बडवायला लागली. अर्धा तास बडवत होती म्हणतात. एवढा आवाज की पलीकडच्या मळ्यातले लोक बांधावर आले. पाच-सहा घरांनी ऐकलं, गुरं सोडली, पोरं घेतली, माळाला गेले. बाकीचे दारात उभे राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "आक्काला आज चढलंय." त्यावर लोक हसले. सासष्ट वर्षांची बाई पावसात भिजत छातीफोड मुसळ हाणत होती, आणि माझ्या गावाला हसू येत होतं. थू तुमच्या जिंदगानीवर!

दोनच्या सुमाराला ओढा उलटा भरला. रस्ता तुटला. मग सगळ्यांना एकदम जाग आली. ज्यानं त्यानं आपली पोरं उचलली, आपल्या म्हशी सोडल्या, आपला टीव्ही डोक्यावर घेतला. सगळे पाण्यातनं टेकावर पळाले. टीव्ही नेला हो लोकांनी! माझी आई कुणाला आठवली नाही.

राजाक्काला आठवली, पण काहील एकटीला हलत नव्हती. ती कशीबशी उलथून सरळ केली, पुढं सरकेना. दोन माणसं असती तर पाच मिनिटांचं काम. ती हाका मारत होती, माणसं तिच्या शेजारनं पळत होती. शेवटी अंगणात मांडीएवढं पाणी आलं तेव्हा त्या पाण्यानंच काहील उचलली. म्हणजे जे पाणी माझ्या आईच्या घरात शिरत होतं, त्याचीच तिला वाट बघत थांबावं लागलं. मला ह्या गोष्टीचा विचार आला की आजही भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

ती घरात पोचली तेव्हा खाट बुडालेली होती. आईनं एका हातानं भिंतीतली खुंटी धरली होती आणि पाणी हनुवटीला टेकलं होतं. राजाक्कानं तिला पाण्यातल्या पाण्यात ओढून दारात आणलं, काहिलीत लोटलं, आणि छातीएवढ्या पाण्यातनं काहील ढकलत शाळेकडं निघाली. आई दुखण्यानं ओरडत होती, ही तिला शिव्या घालत होती. शेवटच्या वळणावर काही माणसं पाण्यात उतरली, त्यांनी हात लावला. त्यातले दोघं आता गावभर सांगतात, मालुबाईला आम्ही काढली.

हायवेवर पाणी आलं होतं, गाड्या बंद होत्या. निरोप मिळाला तसा मी आडवाटेनं फिरत शुक्रवारी दुपारी निपाणीच्या दवाखान्यात पोचलो; आईला तिथं हलवलं होतं. नाकाला नळी होती. मला बघून आई म्हणाली, "आलास व्हय रं?" तेवढंच बोलली. छातीत पाणी झालं होतं. रविवारी सकाळी ती गेली.

बारावं झालं आणि मारुतीरावांनी देवळात बैठक बोलावली. मला वाटलं, निदान माफी मागतील. कसलं काय! मारुतीराव उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पर गावाला सांगायचं काम नाववाल्यांच्या घरचं. पिढ्यान्‌पिढ्या सुगीला धान्य जातंय त्या घरात. त्या दिवशी घंटा वाजली न्हाई. ह्याचा जाब कुणी इचारायचा का न्हाई? म्हणून कमिटीचं असं मत हाय की औंदापास्नं ते धान्य बंद करावं."

राजाक्का खाली, बायकांच्या मागं बसली होती. खांदा उतरला होता तिचा, हात गळ्यात बांधलेला.

माझं डोकं सणकलं. मी उठलो आणि आयुष्यात कधी वापरले नव्हते ते शब्द त्या देवीसमोर वापरले. घंटा कुणी काढली? पायऱ्या कुणी बुजवल्या? आकडे कुणी पुसले? चार गडी मागायला बाई आली तेव्हा चहा कोण ढोसत होतं? "धान्य बंद करताय? लाज वाटत न्हाई व्हय रं? माझी आई तुम्ही मारली, तुमच्या ह्या ग्रॅनाइटनं मारली!" कुणी वर बघेना.

आदर्श तेवढा म्हणाला, "अण्णा, फोटो तर तुम्ही बी बघितला की."

मी त्याची कॉलर धरली. दोन थोबाडीत ठेवून दिल्या, तिसरी बसायच्या आत लोकांनी मला ओढला. धान्याचा विषय तिथंच पडला. पुन्हा काढायची कुणाची छाती झाली नाही.

तिथनं तडक राजाक्काच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर जरा ताठ्यातच गेलो. आईसाठी काही करता आलं नव्हतं, निदान आईच्या मैत्रिणीसाठी भांडलो होतो. ती माझ्या आधी येऊन चुलीपुढं बसली होती, एका हातानं जळण सारत. भिंतींना अजून चिखलाची रेघ होती.

"बघितलंस न्हवं आक्का? एकाची बी बोलायची टाप न्हवती."

"बघितलं की," ती म्हणाली. "बस."

मी बसलो. तिनं चहा पुढं सरकवला. मग म्हणाली, "नागू, त्या दिशी धाला तू आदर्शाला फोन केलतास म्हणं."

"व्हय."

"फोन तर माझ्याकडं बी हाय की रं. डबडा हाय, पर चालू हुता; तुझा नंबर तेवढा मालूच्या बंद फोनात अडकला. धाला मी तुझ्या आईच्या उशालाच बसलोतो. तू मला लावला असतास तर मी सांगितलं असतं, चौथीला लागलंय म्हणून. मग तू मारुतीला लावला असतास." ती चुलीकडंच बघत होती. आवाजात राग नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात राग नव्हता. "माझ्या शब्दाला गावात कोण इचारत न्हाई. पर तू बेळगावचा मास्तर. तू म्हणला असतास तर चार गडी उठलं असतं का न्हाई, सांग."

"उठलं असतं," मी म्हणालो.

"उठलंच असतं. तीन तास हुतं आपल्या हातात, चार म्हण." तिनं पदरानं नाक पुसलं. "मालूनं दोनदा इचारलं, नागूचा फोन आला काय गं तुला? मी म्हणलं, साळंत असंल, येळ झाला की करंल."

चहा तसाच राहिला. बाहेर येऊन मी फोन काढला आणि नावं शोधली. तिचा नंबर होता. आईनंच जूनमध्ये लिहून दिला होता, गरज लागली तर असू दे म्हणून. मी तो एकदाही लावला नव्हता.